हळदीच्या पत्रिकेतला चौथा रंग

एका चांगल्या सावळ्या, तरतरीत मुलीला तिच्या हळदीच्या आधीच मी कावीळ केली. तिच्या होणाऱ्या नवऱ्यालाही सोडलं नाही. एकदा नव्हे, चारशे वेळा. एका शनिवारी दुपारी, छपाईच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून, मधूनमधून चहाचे घोट घेत. आणि हे करताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते, हेही आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढे माझी कीव करायची कुणाला गरज पडायला नको.

ही गोष्ट मी तरुण असतानाची आहे. तेव्हा मला चौसष्टावं चालू होतं. आता सत्तरी दोन महिन्यांवर आलेली असताना त्या बाईकडे बघते तेव्हा मला फार हसू येतं. ताठ मानेची, इस्त्रीच्या कॉटनच्या साडीवर कॉलेजचा निळा एप्रन चढवलेली, गळ्यात विद्यार्थिनीचं ओळखपत्र. त्यावरचं जन्मसाल वाचून गेटवरच्या वॉचमनला वर्षभर वाटत होतं की कार्ड छापताना काहीतरी चुकलंय. छपाईच शिकवणारं कॉलेज आणि आपल्याच कार्डात चूक, म्हणून तो बिचारा कुणाला बोललाही नव्हता.

ठाण्याच्या कोपरीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हा कम्युनिटी कॉलेजचा वर्ष-दीड वर्षाचा अभ्यासक्रम चालायचा. ग्राफिक आर्ट्स आणि मुद्रणतंत्र. वयाची अट नव्हती. ती घालावी लागेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. वर्गात वीस-बावीस पोरं, बहुतेक बारावी झालेली किंवा बारावीत अडकलेली, कुणी कळव्याचं, कुणी कल्याणचं, आणि त्यांच्यात ठाकुर्लीहून डबा घेऊन येणारी मी. पहिल्या दिवशी सगळी उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. मीही लगेच सांगितलं नाही. दोन मिनिटं उभं राहू दिलं.

मी तिथे का गेले, हे मला तेव्हा विचारलं असतं तर मी मोठं भाषण दिलं असतं. खरं कारण लहान होतं. डोंबिवलीच्या एका शाळेच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं क्लार्क होते आणि त्यातली निम्मी वर्षं प्रश्नपत्रिकांचं सायक्लोस्टाइल माझ्याकडे होतं. मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, ती रोलरवर चढवायची, शाई भरायची, हँडल फिरवायचं. परीक्षेच्या आधी आठवडाभर माझे हात मनगटापर्यंत काळे. काळ्यापलीकडे काही नाही. कधी वर्षाच्या शेवटी शाळेचा अंक प्रेसमधून छापून यायचा, त्याच्यावर एक रंगीत फोटो असायचा, आणि मी शाईच्या हातांनी तो लांबूनच बघायची. एवढे रंग एका कागदावर कुठून येतात, हे कुणाला विचारायचं राहूनच गेलं. निवृत्त झाले, मालक गेले, नातू शाळेत जायला लागला. मग म्हटलं, चला, विचारून येऊ.

उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळालं. रंग चारच असतात. सर म्हणायचे सायन, मजेंटा, यलो आणि ब्लॅक. मी म्हणायची निळा, लाल, पिवळा, काळा. बाकीचं सगळं त्या चारांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी बसून आपल्या डोळ्याला फसवतात. भिंगातून पाहिलं की फोटोतला आंबा नाहीसा होतो आणि नुसते ठिपके उरतात. मला हे इतकं आवडलं की घरी येऊन मी नातवाच्या बिस्किटाच्या पुड्यापासून ते लाइटबिलापर्यंत सगळं भिंगाखाली घातलं.

पण मशीनला हात लावायच्या आधी एक परीक्षा होती. चाळीशीचे, मुखदुर्बळ, कायम कानामागे पेन्सिल असलेले आमचे सर एक लाकडी पेटी घेऊन आले. तिच्यात रंगीत सोंगट्या होत्या, प्रत्येकीचा रंग शेजारणीपेक्षा किंचित निराळा. त्या विस्कटून द्यायच्या आणि आपण परत क्रमाने लावायच्या. रंगांची पारख आहे की नाही हे त्यातून कळतं. ज्याला ते जमणार नाही त्याला बाइंडिंगच्या टेबलावर बसवणार, मशीन नाही.

लाल-नारिंगी सोंगट्या मी पटापट लावल्या. निळ्या-हिरव्याशी आले आणि थांबले. मला त्या सगळ्या एकाच आईच्या लेकी दिसत होत्या. उजेड कमी आहे म्हणून मी खिडकीशी सरकले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. तेवढ्यात सरांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. माझ्या हातातली एक सोंगटी सहज उलटी झाली. तळाशी नंबर होता.

आता एकतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला नंबर दिसल्यावर पुढे काय करायचं हे सांगावं लागत नाही. मी सगळ्या सोंगट्या नंबरानं लावल्या. वर एवढी हुशारी केली की लाल रंगातल्या दोन मुद्दाम उलटसुलट ठेवल्या. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याचाच पेपर हेडमास्तर दुसऱ्यांदा तपासायला घेतात, हे मला ठाऊक होतं. सर आले, सोंगट्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे काकू, मशीन.

डोळ्यांत काही बिघाड असेल हे माझ्या मनात आलंच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. आलं होतं. पण मी ते सुनेवर ढकललं होतं. गेलं वर्षभर घरात माझी तिच्याशी एकच कटकट चालू होती, की तुझ्या मशीनमध्ये पांढरे कपडे पिवळे निघतात. तिने साबण बदलला, नीळ आणली, एकदा माझ्यासमोर हाताने धुऊन दाखवलं. मी म्हणायची, आमच्या वेळी पांढरं कसं पांढरं असायचं. ती गप्प बसायची. भली मुलगी आहे.

वर्गात माझी जोडी जमली ती कोलशेतच्या एका मुलीशी. वय बावीस. घरची आगरी माणसं. तिच्या आजीने मिठागरात मीठ ओढलेलं, वडिलांनी जमिनीवर चाळ बांधलेली, आता पुढे सोसायट्यांचे टॉवर. तिला हे शिकायची काहीच गरज नव्हती आणि नोकरीची त्याहून नव्हती, पण तिला मशीन आवडायचं. ते लहानसं, एका वेळी एकच रंग छापणारं ऑफसेट मशीन ती अशी पुसायची की जणू घरातली म्हैस धुतेय. मला आजी म्हणायची आणि आजीसारखं वागवायची नाही. मी प्लेट उलटी लावली की म्हणायची, "आजी, तुमचा शाळेचा अंक नाही हा, नीट बघा." मला कुणी इतक्या मोकळेपणाने रागवून बरीच वर्षं झाली होती.

तिचं लग्न ठरलं. सासरही कोलशेतचंच, चार गल्ल्या सोडून. आगऱ्यांच्यात लग्नाहून हळदीचा थाट मोठा, हे मी ऐकून होते. तिने सांगितलं की हळदीची पत्रिका वेगळी असते, तिच्यावर नवरानवरीचा फोटो असतो, पहिली पत्रिका कुलदेवीपुढे ठेवतात आणि मग घरातली माणसं हातात अक्षता घेऊन दारोदार वाटायला निघतात. सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाला एक खरंखुरं काम छापून द्यायचं होतं. ती सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझी हळदीची पत्रिका मी छापणार. सर म्हणाले, दुकानात दोन तासांत मिळेल, तुला घाई असेल. ती म्हणाली, दुकानात सगळ्यांच्याच मिळतात.

तिच्या घरात आजवर कुणी काही छापलं नव्हतं. आजीला सहीसुद्धा येत नव्हती, ती अंगठा लावायची. दारोदार जाणारी ती पत्रिका आपल्या हातची आहे, हे तिला गावभर सांगायचं होतं. तिने तोंडाने असं कधी म्हटलं नाही, पण मी तिच्याशेजारी सहा महिने उभी होते.

तिने बुधवारी काळा छापला. गुरुवारी निळा. शुक्रवारी लाल. एकेक रंग वाळू द्यायचा, मग त्याच कागदावर दुसरा, आणि प्रत्येक वेळी कागद सुताइतकाही सरकता कामा नये, नाहीतर नवरीला चार ओठ. ती दर पाच-दहा कागदांनी एक काढायची, भिंग लावून कोपऱ्यातल्या खुणा एकमेकींवर बसल्यात का बघायची. शुक्रवारी संध्याकाळी तो गठ्ठा बघून सरांनी कानामागची पेन्सिल काढून वरच्या कागदावर बारीक बरोबरची खूण केली. आमच्याकडे त्याला मेडल समजायचे.

राहिला पिवळा. शनिवारी तिला घरच्यांनी ब्लाऊजच्या मापासाठी आणि आणखी कसल्या कसल्या खरेदीसाठी धरून ठेवलं. सोमवारी पत्रिका कापून मंगळवारी देवीपुढे जायच्या होत्या. ती मला म्हणाली, आजी, यलो तुम्ही चालवा. इतर कुणालाही सांगू शकली असती. तिने मला सांगितलं. वर एक अट घातली, "दर पन्नासला मीटरने मोजायचं हं. डोळ्यावर जायचं नाही."

हे मीटर म्हणजे शाईचा थर किती दाट बसलाय ते मोजणारं एक हातातलं यंत्र. कागदाच्या कडेला रंगांची पट्टी छापलेली असते, तिच्यावर टेकवलं की आकडा दाखवतं. सर शिकवताना पुन्हा पुन्हा सांगायचे की पिवळा सगळ्यात लबाड. पांढऱ्या कागदावर तो चांगल्या डोळ्यालाही नीट कळत नाही, म्हणून तो मोजायचाच.

त्या दुपारी बाकीची पोरं कॉम्प्युटरच्या खोलीत होती. सर दुसऱ्या बॅचच्या परीक्षेत अडकलेले. वर्कशॉपमध्ये मी आणि मशीन. पहिले पाच-सात कागद काढले आणि मला पट्टीवर पिवळा दिसेचना. म्हणजे अगदीच फिका. शाईच्या टाकीला स्क्रू असतात, ते ढिले केले की शाई जास्त सुटते. मी ते ढिले केले. अजून फिकाच. आणखी केले. मग कुठे माझ्या मनासारखा पिवळा आला, आणि त्या पोरीचा चेहरा मला ताज्या हळदीसारखा उजळ वाटायला लागला. मी खूश.

आणि मोजणं? मीटर समोर शेल्फवर होतं. मी एकदाही उचललं नाही. मोजलं आणि आकडा भलताच आला तर मला माझ्या डोळ्यांचं काहीतरी करावं लागलं असतं. वहीत मात्र दर पन्नासला आकडा लिहिला. गेल्या कामाच्या पानावर जे आकडे होते त्यांच्या आसपासचे, कधी एक घर वर, कधी एक घर खाली, अगदी खरे वाटतील असे. रजिस्टर भरण्यात माझा हात धरणारं डोंबिवलीत कुणी नव्हतं. शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी मी तीन महिन्यांची हजेरी एका दुपारी उभी केलेली बाई.

सोमवारी मी पोचले तेव्हा टेबलाभोवती पाच-सहाजण उभे होते. मी आत आल्यावर एका पोराला राहवलं नाही. "आजी, हळद आधीच लावून टाकलीत होय दोघांना?" शेजारच्या मुलीने त्याला कोपराने ढोसलं. मी हसले. मला वाटलं, कौतुक चाललंय.

कोलशेतची माझी मैत्रीण एक कागद हातात धरून खिडकीशी उभी होती. सरांनी दुसरा कागद घेतला, मीटर लावलं, मग वही उघडली, मग पुन्हा मीटर लावलं. म्हणाले, मीटर जवळजवळ दुप्पट दाखवतंय आणि वहीत तर सगळं नीट आहे. मी म्हटलं, मीटर बिघडलं असेल. त्यांनी मीटरसोबत येणाऱ्या पांढऱ्या चकतीवर ते तपासून बघितलं. मीटर ठीक होतं. मग मी म्हटलं, शाईचा डबा नवीन फोडला होता. सरांनी डबा उघडला, पात्याने शाई ढवळली, वास घेतला. मी आणखी काय काय सुचवलं असतं देव जाणे. मला वाटतं वीज मंडळावरही गेले असते.

तेवढ्यात ती खिडकीशी होती तिथूनच म्हणाली, "आजी, मोजलं होतंत ना?"

मी म्हटलं, नाही.

तिने तो कागद गठ्ठ्यावर ठेवला, कडा सारख्या केल्या आणि सरांना विचारलं, "हे कापायचं ना सर?"

खराब माल वर्कशॉपबाहेर जाऊ द्यायचा नाही, तो कापून रद्दीत टाकायचा, असा सरांचा नियम होता. नवीन छापायला ते जाड कागद उरले नव्हते आणि चार दिवस तर नव्हतेच. ती स्वतः कटिंग मशीनपाशी गेली. गठ्ठा सारखा केला, दाबपट्टी खाली आणली आणि दोन्ही हातांनी बटणं दाबली. एका घावात सगळे. मग ते अर्धे वळवून पुन्हा. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती कामात चुकली नाही, पट्ट्यासुद्धा सरळ कापल्या.

ती पाठमोरी असताना मी त्यातला एक कागद आधीच माझ्या पिशवीतल्या फाइलमध्ये सरकवला होता. आठवण म्हणून नव्हे. पुरावा म्हणून. कारण मला अजूनही तो कागद ठीकच दिसत होता. जरासा पिवळा, मान्य. पण एवढं काय? आजकालच्या मुलांना सगळं मोबाइलसारखं लागतं, असं मी मनात म्हणत होते. घरी नेऊन कुणा शहाण्या माणसाला दाखवीन, अशा विचाराने मी तो चोरला. दाखवला मात्र कुणालाच नाही. साड्यांच्या घडीखाली ठेवला. म्हणजे आत कुठेतरी मला माहीत असावं.

माफी मी त्याच दिवशी मागितली. चांगली, लांबलचक, हात जोडून. तिने ऐकून घेतली. ती म्हणाली, होतं आजी, जाऊ दे. माणूस माफी मागत असताना मनात "एवढं काय" म्हणत असेल तर ते समोरच्याला ऐकू जात असावं. ती त्यानंतर माझ्याशी फार नीट वागायला लागली. खुर्ची द्यायची. प्लेट उलटी लावली तर हळूच सुलटी करून ठेवायची. एकदाही रागावली नाही. मी सहा महिन्यांत कमावलेलं तेवढं एकच होतं, ते गेलं.

पत्रिका ठाण्यातल्या एका दुकानातून दोन तासांत आल्या. तिने मला एक आणून दिली, वर अक्षता ठेवून, नमस्कार करून. आजी, यायचं. मी घरी जाऊन दोन्ही शेजारी ठेवल्या, दुकानातली आणि माझी. मला फरक दिसायचा तो इतपतच, जसा आल्याच्या आणि बिनआल्याच्या चहाच्या रंगात असतो.

हळदीला मी गेले. न जाऊन तोंड कुठे लपवणार होते? मांडवात एवढी माणसं की निम्मं कोलशेत तिथे आणि उरलेलं वाटेत. ढोलकी, बॅन्जो, बायकांची गाणी. नवरी पाटावर बसलेली. मला तिच्या आजीपुढे नेलं. म्हातारी खुर्चीत बसली होती, काटक, नाकात मोठी नथ, डोळे मात्र लख्ख. कुणीतरी ओळख करून दिली, या कॉलेजच्या आजी. म्हातारीने मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, पिवल्यावाली ती हीच का? आजूबाजूच्या बायका पदराआड हसल्या. म्हणजे माझी कीर्ती आधीच गावात पोचली होती, पत्रिकेशिवाय.

मग ती हळदीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सुनेला म्हणाली, "हिला जास्त लाव गो, हिला पिवला दिसत नाय."

सगळा मांडव हसला. मीही हसले, दोन्ही गालांवर, कपाळावर, हनुवटीवर हळद घेऊन. हशा ओसरल्यावर म्हातारीने माझा हात धरून खाली बसवलं. तिने सांगितलं की तिलाही एके काळी दिसेनासं झालं होतं. तरुणपण सगळं मिठागरात गेलं. भर उन्हात पांढऱ्या मिठाच्या राशींकडे बघून डोळे गेले. नातसुनेच्या तोंडाला पावडर जास्त लागलीय म्हणून ती रोज भांडायची आणि पावडर नसायचीच. शेवटी डोळे कापून घेतले. तिने विचारलं, तू तर शिकलेली, मग तुझं काय अडलंय? सर, सून, मुलगा यांच्यातलं कुणी हे मला विचारू शकलं नव्हतं. अंगठा लावणाऱ्या म्हातारीने माझी कॉपी एका नजरेत पकडली.

पुढच्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगला पिकलेला. त्यातून पांढरंही पिवळट दिसतं, म्हणून त्याच्यावरचा खरा पिवळा वेगळा कळत नाही. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस चालवलंत कसं? मी म्हटलं, अंदाजाने. डावा नंतर करायचा होता.

पट्टी काढून घरी आले आणि बाथरूममधली बादली बघून दारातच थांबले. ती निळी होती. म्हणजे निळी आहे हे मला ठाऊक होतं, मीच आणली होती. पण ती एवढी निळी असेल याची मला कल्पना नव्हती. भिंत पांढरी. चादर पांढरी. गॅलरीत वाळत घातलेले नातवाचे शाळेचे शर्ट इतके पांढरे की डोळे दिपले. मी सुनेला हाक मारून म्हटलं, अगं, कपडे छान पांढरे निघालेत आज. ती म्हणाली, साबण बदललाय आई. साबण तोच होता, मी जाऊन पाहिला. म्हणूनच म्हटलं, भली मुलगी आहे.

मग मी साड्यांखालून तो कागद काढला.

पलंगावर बसून मी नवा डोळा मिटला आणि जुन्याने बघितलं. छान. जरा पिवळा, पण प्रसन्न. नवरी सुरेख, नवरा देखणा. मग जुना मिटला आणि नवा उघडला. दोन आजारी माणसं माझ्याकडे बघत होती. डोळ्यांतलं पांढरं पिवळं, दात पिवळे, तिच्या गळ्यातल्या मोत्यांच्या माळेत जणू हरभऱ्याची डाळ ओवलेली. पुन्हा जुना. पुन्हा नवा. असं मी किती वेळ करत होते कुणास ठाऊक. मला त्या दोन डोळ्यांत दोन बायका बसलेल्या दिसायला लागल्या. एकीला सगळं ठीक वाटतंय आणि ती म्हणतेय, एवढं काय. दुसरीला ते पिवळे दात दिसतायत. आणि या दोघींमध्ये फक्त नाकाचं अंतर.

जुन्या डोळ्याची ती बाई खोटारडी नव्हती, हे मला आज जास्त खुपतं. तिला खरंच तसं दिसत होतं. तिच्यापुढे मोजायचं यंत्र होतं, हात लांब करायचा अवकाश होता. तेवढाच तिने केला नाही. मोतीबिंदू कुणालाही होतो. वहीतले आकडे मात्र माझे मीच केले होते.

सरांकडे जाऊन मी सगळं सांगितलं, सोंगट्यांसकट. ते म्हणाले, मला तेव्हाच शंका आली होती काकू. उतारवयात डोळा निळ्यात चुकतो आणि तुम्ही लालात चुकलात. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते पेन्सिल कानामागून काढून पुन्हा लावत म्हणाले, तुम्ही फार हौसेने आला होतात. त्यांनी पेटी काढली. मी पुन्हा सोंगट्या लावल्या, या वेळी त्यांच्यासमोर, डावा डोळा झाकून.

पण ती मुलगी उरली होती. लग्नानंतर ती कोलशेतच्या एका पॅकिंगचे खोके छापणाऱ्या कारखान्यात लागली होती, मोठ्या चार रंगांच्या मशीनवर. तिच्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्या सासरी गेले. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली. फार नीट वागली.

मी तो कागद काढून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, हा मी तेव्हा चोरला होता. मला वाटत होतं तुम्ही सगळे उगाच वाढवून सांगताय. मला काल-परवा पहिल्यांदा दिसला. मीटर मी उचललं नाही कारण मला भीती होती, आणि आकडे मी मनाने लिहिले. सोंगट्यांचंही सांगितलं. त्या दिवशी मागितलेली माफी खोटी होती, असं म्हणून मी दुसरी मागितली. ती छोटी झाली. जास्त शब्द सापडले नाहीत.

तिने उठून पर्स आणली, त्यातून भिंग काढलं आणि खिडकीशी गेली. आधी कोपऱ्यातली खूण पाहिली, मग दुसरा कोपरा, मग तिसरा, चौथा. मग स्वतःचा डोळा पाहिला, ओठ पाहिले, नवऱ्याची मिशी पाहिली. इतका वेळ लावला की स्वयंपाकघरातून तिच्या सासूने दोनदा डोकावलं. मी माझा हात पुढे केला, कागद परत घ्यायला. तो आता घरी नेऊन फाडायचा, असं मी ठरवलं होतं.

तिने तो पाठीमागे धरला.

"हा परत मिळणार नाही आजी. सगळे कापले मी, एवढाच राहिलाय. काळा, निळा, लाल माझ्या हातचा आहे यात, एक ठिपका हललेला नाही, बघा हवं तर. पिवळा तेवढा तुमचा."